रॅम १६ वरून ४८ जीबी: क्रॅशच्या शोधाच्या नोंदी

मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा चार स्लॉटांचा बोर्ड, एनव्हीएमई एसएसडी, विंडोज १०.
जुनी रॅम: ८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४-३२०० (प्रकार आणि वेग), सीएल १६ (प्रतिसादाचे टायमिंग, घड्याळाच्या ठोक्यांत), १.३५ व्होल्ट.
नवी रॅम: १६ जीबीच्या दोन स्टिक. डब्यावर आकडे तेच: डीडीआर४-३२००, सीएल १६, १.३५ व्होल्ट.
तक्रार: ४ मार्चला नवी जोडी जुनीच्या शेजारी बसवली. तीन दिवसांत सात ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्यावर दिसणारा निळा पडदा), शिवाय दोनदा काहीही न दाखवता थेट रीस्टार्ट. त्याआधी मशीन महिनोन्‌महिने न अडखळता चालत होते.

७ मार्च, सकाळ

पहिले काम दुरुस्तीचे नाही, थांबवण्याचे. क्लाउड सिंक बंद केले, रात्री आपोआप चालणारा बॅकअप बंद केला, बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवली. रॅममध्ये बिट उलटत असतील तर प्रत्येक कॉपी आणि प्रत्येक सेव्ह त्याच रॅममधून डिस्कवर जाते. बिघडलेली फाइल चांगल्या फाइलच्या जागी मुकाट्याने जाऊन बसते आणि सिंक तीच फाइल दुसऱ्या मशीनवरही पोहोचवते. ब्लू स्क्रीन निदान दिसतो, हे नुकसान दिसत नाही. ‘आधी बॅकअप घ्या’ हा एरवीचा लाखमोलाचा सल्ला इथे उलटू शकतो: संशयित रॅमवरून जुन्या बॅकअपवर नवा चढवला की शेवटची खात्रीची प्रतही हातची जाते. ३ मार्चचा बॅकअप आहे, त्याला हात लावलेला नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर ४१’ नऊ वेळा. या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाले नव्हते. ती पाहून पॉवर सप्लाय बदलायला धावू नये. कामाची नोंद ‘बगचेक’ या स्रोताची, क्रमांक १००१. तिच्यात स्टॉप कोड, म्हणजे ब्लू स्क्रीनचा कारण-क्रमांक, मिळतो. सात कोड असे: १ए (मेमरी मॅनेजमेंट) दोनदा, ५० (पेज फॉल्ट) दोनदा, ३बी, १३९ आणि ०ए प्रत्येकी एकदा.

मिनीडंप फाइली (क्रॅशच्या क्षणी विंडोजने साठवलेली माहिती) पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशीनवर विनडीबीजी या डंप वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडल्या. दोष कुणाच्या नावावर लागला आहे ते पाहिले: एकदा कर्नल (विंडोजचा गाभा), एकदा ग्राफिक्स ड्रायव्हर, एकदा एनटीएफएस (डिस्कची फाइल सिस्टिम), एकदा नेटवर्कचा ड्रायव्हर. ड्रायव्हर खराब असतो तेव्हा तेच नाव आणि बहुधा तोच कोड पुन्हा पुन्हा येतो. इथे नावही फिरते आहे आणि कोडही. डंपमध्ये ज्याचे नाव येते त्याच्या हाती बिघडलेला डेटा सापडला, एवढेच त्यातून कळते. डेटा कुणी बिघडवला ते कळत नाही. अशा वेळी एकेक ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे.

सर्वांत बोलका पुरावा १ए च्या एका डंपमध्ये मिळाला. पहिला पॅरामीटर ४१७९२, म्हणजे पेज टेबलमधली (रॅममध्ये काय कुठे आहे याचा तक्ता) एक नोंद बिघडलेली सापडली. तिसऱ्या पॅरामीटरमध्ये ती नोंद जशीच्या तशी दिसते. तिथे सगळी शून्ये असायला हवी होती, आणि फक्त एक बिट १ झालेला होता. सॉफ्टवेअरची चूक बहुधा अख्खे बाइट किंवा अख्खी रचना पुसते. एकच बिट उलटलेला दिसला की संशयाची सुई रॅमकडे, तिच्या टायमिंगकडे किंवा व्होल्टेजकडे वळवावी.

७ मार्च, दुपार

बसवणी तपासली. पॉवर सप्लायचे बटण बंद, वायर काढली, मग कॅबिनेटचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरले, म्हणजे बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावूनच स्टिक हाताळल्या.

बी१ या स्लॉटमधली स्टिक एका टोकाला किंचित वर होती. या बोर्डावर स्लॉटला एकाच बाजूला क्लिप आहे. क्लिपच्या बाजूने ‘टक’ आवाज आला की काम झाले असे वाटते आणि दुसरे टोक अर्धवट राहते. दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ खाली दाब देऊन, संपर्काच्या सोनेरी पट्ट्या स्लॉटमध्ये सारख्या गेल्या आहेत का ते बाजूने टॉर्च लावून पाहिले.

बाकी तपासणी:
– प्रोसेसरच्या कूलरचा पंखा ए१ मधल्या स्टिकला टेकतो का? नाही, मध्ये फट आहे. टेकत असता तर पंखा क्लिपवर थोडा वर सरकवावा लागला असता. तिरकी दाबलेली स्टिक कधी चालते, कधी चालत नाही.
– संपर्क: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड. खोडरबराने घासण्याची सवय सोडावी. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो.
– जागा: प्रोसेसरच्या बाजूने मोजल्यास ए१, ए२, बी१, बी२. जुन्या स्टिक ए१ व बी१ मध्ये, नव्या ए२ व बी२ मध्ये. ए आणि बी या दोन्ही चॅनेलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटा) ८ अधिक १६, म्हणजे २४-२४ जीबी. मांडणी बरोबर आहे.

बी१ चे सापडले म्हणून प्रश्न सुटला असे धरायचे नाही. चाचणी घ्यायचीच.

७ मार्च, संध्याकाळ

विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी ‘स्टँडर्ड’ पातळीवर चालवली. निकाल: दोष नाही. हा निकाल हिशेबात धरलेला नाही. ती चाचणी पूर्ण मेलेली स्टिक पकडते. काठावर चालणारी रॅम तिच्यातून सहज सुटते.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर लिहून त्यावरून मशीन सुरू केले. सिक्युअर बूटमुळे (फक्त मान्यताप्राप्त प्रोग्रामनेच मशीन सुरू होऊ देणारे सेटिंग) पेन ड्राइव्ह सुरू होईना, म्हणून तो चाचणीपुरता बंद केला. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) असेल तर हे करण्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. सिक्युअर बूट बदलला की पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकते.

बायोसमधल्या (बोर्डाचा मूळ प्रोग्राम) सेटिंगला हात न लावता, चारही स्टिक, ४८ जीबी: ११ व्या मिनिटाला पहिला एरर. अर्ध्या तासात ३४०. म्हणजे बी१ ची बसवणी हे कारण नव्हते.

एररची संख्या पाहून थांबू नये, त्यांचा आकार पाहावा. मेमटेस्ट प्रत्येक एररला पत्ता, अपेक्षित मूल्य आणि मिळालेले मूल्य दाखवतो. चिपमधली एखादी पेशी मेलेली असेल तर प्रत्येक फेरीत तोच पत्ता आणि तोच बिट येतो. इथे पत्ते सगळीकडे पसरलेले, बिटही वेगवेगळे. हे टायमिंग, व्होल्टेज किंवा उष्णतेचे लक्षण आहे. मात्र एवढ्यावरून स्टिक निर्दोष ठरत नाहीत.

८ मार्च

जोड्या वेगळ्या करून तपासल्या. दोन स्टिकसाठी योग्य जागा ए२ आणि बी२: या प्रकारच्या बोर्डांवर तारा आधी पहिल्या स्लॉटपाशी आणि मग दुसऱ्यापाशी जातात. दुसरा स्लॉट रिकामा ठेवला तर लोंबते टोक उरते, त्यावरून सिग्नल परत उसळतो आणि वेगात एरर वाढतात.

जुनी जोडी एकटी: चार फेऱ्या, एरर ०.
नवी जोडी एकटी: पहिल्याच फेरीत २१२ एरर.
नवी स्टिक ‘क’ एकटी, ए२ मध्ये: एरर. बी२ मध्ये: एरर.
नवी स्टिक ‘ख’ एकटी, ए२ मध्ये: एरर. बी२ मध्ये: एरर.

स्टिकवर पेन्सिलीने क आणि ख लिहिले होते. चार सारख्या दिसणाऱ्या वस्तू अदलाबदल करताना हे न केल्यास दुसऱ्या दिवशी कोणाचा निकाल कोणता ते सांगता येत नाही.

वरवर पाहता निकाल लागला: जुनी चांगली, नवी खराब, परत करा. पण एका डब्यातल्या दोन्ही स्टिक खराब आणि दोन्हींचा दोष त्याच प्रकारचा, पसरलेला? एक स्टिक नादुरुस्त निघणे नेहमीचे आहे. दोन्ही सारख्याच वागत असतील तर दोघींना समान असलेली गोष्ट आधी शोधावी. स्लॉट समान नाही, अदलाबदल करून पाहिली. प्रोसेसर समान आहे, पण त्याच्यावर जुनी जोडी स्वच्छ चालते. राहिले बायोसचे सेटिंग.

बायोसच्या रॅमच्या सर्व पानांचे मोबाइलवर फोटो काढले. पुढचे पाऊल हे सेटिंग पुसण्याचे आहे; पुसल्यावर तुलना कशाशी करणार?

९ मार्च

४ मार्चला नेमके काय झाले ते रॅम बसवणाऱ्याला विचारून घेतले. चार स्टिक टाकल्यावर बोर्डाने स्वतःहून वेग २६६६ वर आणला होता. ३२०० परत मिळावा म्हणून बायोसमध्ये साठवलेले ‘प्रोफाइल १’ लोड केले गेले. हे प्रोफाइल जुन्या जोडीसाठी हाताने टायमिंग घट्ट करून साठवलेले होते.

सीमॉस (बायोसचे सेटिंग साठते ती जागा) साफ केले: वायर काढून बोर्डावरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने दहा सेकंद जोडल्या. यानंतर पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहतो, मशीन मधेच एकदोनदा स्वतः बंद-चालू होते. बोर्ड रॅमचे ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी सिग्नल जुळवून घेत असतो. तीन-चार मिनिटे तरी बटणाला हात लावू नये. साफ केल्यावर व्हर्च्युअलायझेशन, पंख्यांचे वेग आणि बूटचा क्रम मूळ पदावर जातात, ते पुन्हा लावावे लागतात.

नवी जोडी एकटी, ए२ व बी२, सगळे मूळ पदावर, २६६६, १.२ व्होल्ट: चार फेऱ्या, एरर ०.
नवी जोडी, तिचे स्वतःचे एक्सएमपी (निर्मात्याने स्टिकमध्ये साठवलेले वेगाचे सेटिंग) चालू करून, ३२००, १.३५ व्होल्ट: चार फेऱ्या, एरर ०. काही बोर्डांवर याच सेटिंगचे नाव डीओसीपी असते.

काल २१२ एरर देणारी जोडी आज त्याच वेगात, त्याच व्होल्टेजवर स्वच्छ. विंडोजमध्ये झेनटायमिंग्ज हा टायमिंग दाखवणारा प्रोग्राम उघडून आजचे आकडे कालच्या फोटोंशी ताडून पाहिले. टीसीएल (डब्यावरचा सीएल) १६ दोन्हीकडे. इतर मुख्य टायमिंगमध्ये एकदोन घड्यांचा (घड्याळाच्या ठोक्यांचा) फरक. एका ओळीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता: टीआरएफसी प्रोफाइलमध्ये ४८०, आज ८८०.

हा आकडा का महत्त्वाचा, ते सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण डब्यावर तो कधीच नसतो. डीरॅमची प्रत्येक पेशी म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर. तो गळतो, म्हणून प्रत्येक ओळ ठरावीक काळात वाचून पुन्हा भरावी लागते. डीडीआर४ मध्ये ६४ मिलिसेकंदांत ८१९२ रिफ्रेश आदेश जातात, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक. एका आदेशाला पूर्ण व्हायला जो वेळ द्यावा लागतो तो टीआरएफसी. चिप जितकी मोठी, तितक्या जास्त ओळी एका आदेशात भराव्या लागतात, तितका वेळ जास्त. डीडीआर४ च्या मानकात ४ गिगाबिटच्या चिपला २६० नॅनोसेकंद, ८ गिगाबिटला ३५० आणि १६ गिगाबिटला ५५० आहेत.

३२०० ला घड्याळ १६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक घडी ०.६२५ नॅनोसेकंदाची. ४८० घड्या म्हणजे ३०० नॅनोसेकंद. ८८० घड्या म्हणजे ५५०.

आता चिप कोणत्या आहेत ते. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या एसपीडी पानावर (स्टिकमध्ये साठवलेली तिची स्वतःची माहिती) जुनी स्टिक ८ जीबी, सिंगल रँक (एकत्र चालणाऱ्या चिपचा एकच गट). नवी १६ जीबी, तीही सिंगल रँक. एका रँकची रुंदी ६४ बिट, नेहमीच्या ८ बिट रुंद चिप म्हटल्या तर एका रँकमध्ये ८ चिप. ८ चिपमध्ये ८ जीबी, म्हणजे जुनीवर ८ गिगाबिटच्या चिप. ८ चिपमध्ये १६ जीबी, म्हणजे नवीवर १६ गिगाबिटच्या. स्टिकवरचा धातूचा पत्रा न उघडता एवढे कळते.

म्हणजे ८ गिगाबिटच्या चिपना ३०० नॅनोसेकंद हाताने दिले होते. मानकापेक्षा ते कमीच, पण त्या स्टिकनी सहन केले. तोच आकडा ५५० मागणाऱ्या चिपवर लादला गेला. रिफ्रेश पुरा होण्याआधीच मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) पुढचा आदेश देतो, पेशी अर्धवट भरलेल्या राहतात, आणि कुठली पेशी कधी पडेल याचा नेम नाही. पसरलेले पत्ते आणि वेगवेगळे बिट याच्याशी जुळतात.

१० मार्च

जुळते म्हणून सिद्ध झाले असे नाही. कालचे स्वच्छ सेटिंग जसेच्या तसे ठेवून फक्त टीआरएफसी बदलले. नवी जोडी, ३२००, १.३५ व्होल्ट:

४८०: सहाव्या मिनिटाला एरर.
५६०: दुसऱ्या फेरीत ३ एरर.
६४०: दोन फेऱ्या, एरर ०.
पुन्हा ८८०: दोन फेऱ्या, एरर ०.
पुन्हा ४८०: नवव्या मिनिटाला एरर.

दोष हवा तेव्हा आणता येतो आणि हवा तेव्हा घालवता येतो. कारण सापडले. नव्या स्टिक परत करण्याची गरज नाही.

६४० स्वच्छ आले म्हणून ६४० ठेवायचे नाही. ही चाचणी उघड्या कॅबिनेटमध्ये, ग्राफिक्स कार्ड निवांत असताना झाली. तापमान वाढले की पेशी वेगाने गळतात. मानकातही ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करायला सांगितले आहे. ८८० वरून ६४० वर येऊन रिफ्रेशमध्ये जाणारा वेळ सुमारे ७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येतो. दोन टक्क्यांसाठी डेटाची जोखीम घेऊ नये, असे या नोंदवहीचे स्पष्ट मत आहे.

११ मार्च

आता चारही स्टिक. इथे दुसरी, वेगळी अडचण अपेक्षित होती आणि ती आलीच.

एक्सएमपी, ३२००, टीआरएफसी ऑटो. बोर्डाने स्वतःच ८८० निवडले: दोन प्रकारच्या चिप असतील तर सर्वांना हळू चिपचा आकडा लागतो, आणि ऑटोवर ठेवल्यास बोर्ड तो एसपीडीवरून बरोबर काढतो. मेमटेस्टच्या दोन फेऱ्या स्वच्छ. विंडोजमध्ये प्राइम९५ (आकडेमोडीने ताण देणारा प्रोग्राम) याची ‘ब्लेंड’ चाचणी लावली: १ तास ४० मिनिटांनी हिशेब चुकून एक वर्कर (आकडेमोडीचा एक धागा) थांबला, संदेश ‘राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी’. पुन्हा चालवले, ५५ मिनिटांनी दुसरा वर्कर थांबला.

मेमटेस्ट स्वच्छ आणि प्राइम९५ नाही, यात विसंगती नाही. मेमटेस्ट रॅमवर ताण देतो. प्राइम९५ रॅम, मेमरी कंट्रोलर आणि प्रोसेसर यांना एकाच वेळी ताणतो आणि कॅबिनेटही तापवतो. म्हणून दोन्ही हव्यात.

या पिढीच्या रायझनसाठी एएमडीने हमी दिलेले वेग: दोन स्टिकना ३२००; चार सिंगल रँक स्टिकना २९३३; चार ड्युअल रँक स्टिकना २६६७. चार स्टिक म्हणजे एका चॅनेलच्या तारांवर दुप्पट बोजा, सिग्नलच्या कडा बोथट होतात. डब्यावरचा ३२०० हा स्टिकचा दावा आहे. कंट्रोलरला चार स्टिक त्या वेगात पेलतील असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. काही संच जमतात, काही जमत नाहीत.

पर्याय पाहिले. एसओसी (मेमरी कंट्रोलरचे) व्होल्टेज वाढवणे, सिग्नलच्या तारांचा रोध बदलणे, कमांड रेट २टी करणे (आदेशाला एक घडी जास्त देणे). यातून कदाचित ३२०० उभे राहील. पण तसे उभे केलेले सेटिंग ऋतू बदलला की डळमळते. वेग २९३३ केला, बाकी एक्सएमपीचे तसेच, गिअर डाउन मोड (आदेशांचे घड्याळ निम्मे) चालू, फॅब्रिकचे (प्रोसेसरच्या भागांना जोडणारी वाट) घड्याळ १४६७, म्हणजे रॅमच्या घड्याळाबरोबर एकास एक. टीआरएफसी ऑटोवर ८०७ आले. हिशेब बरोबर: एक घडी ०.६८२ नॅनोसेकंद, ८०७ घड्या म्हणजे ५५० नॅनोसेकंद.

यात गमावले काय? दोन चॅनेलची कमाल वहनक्षमता सेकंदाला ५१.२ जीबीवरून ४६.९ जीबी, सुमारे ८ टक्के घट. या मशीनवर एका वेळी दोन व्हर्च्युअल मशीन आणि फोटोंचे काम चालते, रॅमचा वापर ३६ जीबीपर्यंत जातो. रॅम संपून डिस्कवर पेजिंग (रॅममधला डेटा डिस्कवर हलवणे) सुरू झाले की जे नुकसान होते त्यापुढे ८ टक्के काहीच नाहीत. काम ३२ जीबीत भागत असते तर मात्र जुनी जोडी काढून फक्त नवी जोडी ३२०० वर चालवणे हाच चांगला मार्ग असता.

बायोसची आवृत्ती जुनी होती, तीही आज बदलली. क्रम महत्त्वाचा: आधी सगळे सेटिंग मूळ पदावर, रॅम २६६६ वर, मगच फ्लॅश (नवी आवृत्ती बोर्डावर लिहिणे). डळमळीत रॅमवर बायोस फ्लॅश करणे म्हणजे बोर्ड गमावण्याची तयारी. फ्लॅशनंतर २९३३ चे सेटिंग पुन्हा हाताने लावले. जुन्या आवृत्तीत साठवलेली प्रोफाइल नव्या आवृत्तीत लोड करू नयेत.

१२ आणि १३ मार्च

लांब चाचण्या, कॅबिनेट बंद करून.

मेमटेस्ट८६+, ४८ जीबी, चार फेऱ्या: एरर ०. एका फेरीला साधारण अडीच तास. पहिली फेरी आखूड असते, तिच्यावर समाधान मानू नये.
प्राइम९५ ब्लेंड, १२ तास: एकही वर्कर थांबला नाही.
प्राइम९५ आणि ग्राफिक्स कार्डावर पूर्ण भार एकत्र, २ तास: ठीक. नव्या स्टिकवरचा तापमापक ४१ वरून ५२ अंशांवर गेला. जुन्या स्टिकना तापमापक नाही.
थंड सुरुवात: रात्रभर वायर काढून ठेवून सकाळी सुरू केले, असे दोन्ही दिवस. ट्रेनिंग दर वेळी थोडे वेगळे होते. काठावरचे सेटिंग बहुधा अशा सुरुवातीलाच उघडे पडते. दोन्ही वेळा नीट सुरू, वेग २९३३ च.

१४ मार्च

रॅम स्थिर झाली, आता विंडोजकडे. ही दुरुस्ती मुद्दाम शेवटी ठेवली. खराब रॅमवर सिस्टिम फाइली दुरुस्त करायला गेल्यास दुरुस्तीतूनच नवा बिघाड लिहिला जातो.

आधी फास्ट स्टार्टअप बंद: अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. फास्ट स्टार्टअपमध्ये ‘शटडाउन’ केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. बिघडलेली स्थिती साठवली गेली असेल तर रॅम बरी झाल्यावरही विचित्र क्रॅश येत राहतात आणि सगळा शोध पुन्हा चुकीच्या वाटेला लागतो. ‘रीस्टार्ट’ करताना ही स्थिती वापरली जात नाही, म्हणून रीस्टार्ट केला की बरे आणि बंद करून चालू केला की पुन्हा गडबड, असे दिसले तर इथे पाहावे.

मग क्रमाने: डिस्क तपासणी, किरकोळ दुरुस्त्या झाल्या. डीआयएसएमचे ‘रिस्टोअर हेल्थ’, पूर्ण झाले. त्यानंतर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ (सिस्टिम फाइली तपासणारा आदेश), चार फाइली बिघडलेल्या सापडल्या आणि बदलल्या. दुसऱ्यांदा चालवले, काही सापडले नाही. डीआयएसएम आधी, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती उचलते तो साठाच डीआयएसएम दुरुस्त करते.

टास्क मॅनेजरमध्ये वेग २९३३, एकूण ४८ जीबी, हार्डवेअरसाठी राखीव फक्त काही मेगाबाइट. सीपीयू-झेडमध्ये १४६७ दिसते. ते घड्याळ आहे, प्रत्येक घडीला दोनदा डेटा जातो, म्हणून दुप्पट करून वाचावे.

१५ मार्च

सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत गरजेचे काम: ४ ते ७ मार्चदरम्यान लिहिल्या गेलेल्या फाइली. बदलाच्या तारखेवरून शोधल्या, २१४ निघाल्या.

त्यातले १८० फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉपी केलेले. कार्ड अजून पुसलेले नव्हते, हे मोठेच नशीब. पॉवरशेलमधल्या ‘गेट-फाइलहॅश’ने दोन्हीकडचे शा-२५६ हॅश (फाइलमधल्या डेटावरून निघणारा तिचा ठसा) काढून ताडले. १७८ जुळले, २ जुळले नाहीत. त्यातला एक फोटो उघडल्यावर खालच्या भागात रंग सरकलेले. दुसरा डोळ्यांना पूर्ण ठीक दिसतो, तरी हॅश वेगळा. केवळ उघडून पाहिले असते तर तो तसाच राहिला असता.

३ झिप फाइली: ‘टेस्ट आर्काइव्ह’ चालवले, एकीत सीआरसी एरर (आतला डेटा बिघडल्याची खूण). ती पुन्हा उतरवून घेतली.
व्हर्च्युअल मशीनच्या दोन डिस्क फाइली: त्या मशीनच्या आतून फाइल सिस्टिम तपासली. एक स्वच्छ. दुसरीत चुका, म्हणून ती ३ मार्चच्या बॅकअपमधून परत आणली आणि मधल्या तीन दिवसांचे त्यातले काम पुन्हा करायला दिले.
उरलेले २९ दस्तऐवज: ताडून पाहायला मूळ प्रत नाही. उघडून पाहिले, उघडतात. मजकूर आणि आकडे ज्याचे त्याने वाचून घ्यावेत, असे सांगून यादी दिली.

दोन फोटो कार्डावरून पुन्हा कॉपी केले, हॅश जुळले.

बायोसमधले ‘प्रोफाइल १’ पुसले. सध्याचे सेटिंग नव्या नावाने साठवले: ‘४ स्टिक २९३३ ऑटो’. कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर चिठ्ठी चिकटवली: ए१ बी१ ८ गिगाबिट, ए२ बी२ १६ गिगाबिट, रॅम बदलल्यास साठवलेले प्रोफाइल लोड करू नये. सिक्युअर बूट पुन्हा चालू. बॅकअप सुरू केला, पण नव्या फोल्डरमध्ये. ३ मार्चची प्रत एप्रिल संपेपर्यंत ठेवायची. सिंक सर्वांत शेवटी चालू केले.